अमावस्या दर महिन्याला, ग्रहण कधीतरी

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ज्याचं पोट समुद्रावर आहे, त्याला अमावस्या कळायला कॅलेंडर लागत नाही. भरतीचं पाणी नेहमीच्या रेषेच्या वर चढतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा बरंच आत जातं. असं उधाण आलं की अमावस्या नाहीतर पौर्णिमा आली किंवा नुकतीच होऊन गेली, हे ठरलेलं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. कारण सर्वांना ठाऊक आहे. अमावस्येला चंद्र आणि सूर्य पृथ्वीच्या एकाच बाजूला येतात, दोघांची ओढ एकाच दिशेने लागते आणि समुद्र जास्त उचलला जातो.

पण सूर्य, चंद्र आणि पृथ्वी दर अमावस्येला एका रेषेत येत असतील, तर दर अमावस्येला सूर्यग्रहण का होत नाही? शाळेतल्या आकृतीत पिवळा मोठा गोल, मधे छोटा चंद्र आणि उजवीकडे पृथ्वी असते. ती आकृती पाहिलेल्या कोणत्याही चौकस मुलाला हा प्रश्न पडायला हवा. या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की ग्रहणाचं बाकी सगळं त्यातून उलगडत जातं. म्हणून मी सुरुवात तिथूनच करतो.

चंद्राची पृथ्वीभोवतीची वाट आणि पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट एकाच पातळीत नाहीत. दोन्हींमध्ये साधारण ५ अंशांचा कल आहे. पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण आकाशात चंद्राचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं आणि सूर्याचंही तेवढंच. म्हणजे अमावस्येला चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून आपल्याच दहा बिंबांएवढ्या अंतराने निघून जाऊ शकतो, आणि बहुतेक वेळा बऱ्याच अंतरानेच जातो. सूर्याच्या झगमगाटात तो आपल्याला दिसत नाही इतकंच. समुद्राला या पाच अंशांनी काही फरक पडत नाही, कारण ओढीची दिशा एवढ्या कलाने फारशी बदलत नाही. उधाण त्यामुळे दर अमावस्येला येतं. ग्रहणाला मात्र अर्ध्या अंशाच्या बिंबासमोर अर्ध्या अंशाचंच बिंब यावं लागतं. उधाण आणि ग्रहण यांना कारण एकच, पण ग्रहणाला लागणारी अचूकता फार मोठी आहे.

मग ती अचूकता जुळते कधी? दोन बांगड्या एकीत एक, पण किंचित तिरक्या धरल्या तर त्या समोरासमोरच्या दोनच जागी एकमेकींना छेदतात. चंद्राच्या वाटेचे आणि सूर्याच्या भासमान वाटेचेही असेच दोन छेदबिंदू आहेत. पंचांगात राहू आणि केतू म्हणून ज्यांची स्थिती दिलेली असते, ते हेच. तिथे कोणतंही भौतिक गोलक नाही, आकाशातल्या त्या दोन गणिती जागा आहेत. त्यांचं स्थान रोजच्या रोज काढता येतं, आणि आपल्याकडच्या गणित करणाऱ्या ज्योतिषांनी ते शतकानुशतकं काढलेलं आहे. अमावस्या होताना सूर्य यांपैकी एका बिंदूजवळ असला तर ग्रहण होतं, नसला तर चंद्र चुकवून जातो.

सूर्य एका छेदबिंदूवरून दुसऱ्यापर्यंत पोचायला सरासरी १७३ दिवस लागतात. बरोबर सहा महिने लागत नाहीत, कारण हे बिंदूही स्थिर नाहीत. ते सूर्याच्या उलट दिशेने सरकत असतात आणि १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. म्हणून ग्रहणांचे महिने दर वर्षी थोडे अलीकडे येतात. बिंदूच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ३४ दिवसांचा काळ असा असतो की त्यात अमावस्या पडली तर पृथ्वीवर कुठे ना कुठे सूर्यग्रहण होणारच. आणि दोन अमावस्यांमधलं अंतर साडेएकोणतीस दिवसांचं आहे. चौतीस दिवसांच्या त्या खिडकीतून साडेएकोणतीस दिवसांनी येणारी अमावस्या निसटू शकत नाही. त्यामुळे वर्षाला किमान दोन सूर्यग्रहणं होतातच, आणि क्वचित पाचही होतात. १९३५ साली पाच झाली होती. ग्रहण दुर्मीळ असतं ही आपली समजूत म्हणून तपासून पाहायला हवी. पृथ्वीच्या दृष्टीने ग्रहण दुर्मीळ नाही. ते आपल्या गावावरून जाणं दुर्मीळ आहे.

याचं कारण सावलीच्या आकारात आहे. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आणि चंद्राचा ३,४७४ किलोमीटर, म्हणजे सूर्य चारशे पटींनी मोठा. पण तो चंद्रापेक्षा जवळजवळ तितक्याच पटींनी दूरही आहे. म्हणून दोन्ही बिंबं आपल्याला सारखी दिसतात. असं असायलाच हवं असा कोणताही नियम नाही. चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटरने पृथ्वीपासून दूर जातो आहे. सुमारे साठ कोटी वर्षांनी तो इतका लहान दिसेल की सूर्य पूर्ण झाकणं त्याला कधीच जमणार नाही. आपण नेमके त्या काळात आहोत जेव्हा हे जमतं, आणि जमतं तेही अगदी काठावर.

काठावर म्हणण्याचं कारण असं. चंद्राची गडद सावली शंकूसारखी निमुळती होत जाते आणि तिची लांबी साधारण पावणेचार लाख किलोमीटर असते. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. म्हणजे सरासरीने पाहिलं तर सावलीचं टोक पृथ्वीपर्यंत पोचतच नाही. पण चंद्राची वाट लंबवर्तुळाकार आहे. तो कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, तर कधी ४ लाख ६ हजारांपलीकडे जातो. जवळ असताना सावलीचं टोक जमिनीला टेकतं आणि खग्रास ग्रहण होतं. दूर असताना टोक हवेतच संपतं, चंद्राभोवती सूर्याची कड उरते आणि आपल्याला कंकणाकृती ग्रहण दिसतं. २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण असं होतं. त्याचं कंकण कासरगोड-कन्नूरकडे दिसलं आणि आपल्या किनाऱ्यावर सकाळच्या उन्हात सूर्याची कोर दिसली. गडद सावलीच्या भोवती एक फिकी सावली असते, ती हजारो किलोमीटर पसरते. तिच्यात असणाऱ्यांना ग्रहण खंडग्रास दिसतं. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेली ग्रहणं ही या फिक्या सावलीतली आहेत.

गडद सावलीचा जमिनीवरचा ठिपका मात्र सहसा फार झालं तर पावणेतीनशे किलोमीटर रुंद असतो, एरवी त्याहून बराच अरुंद. चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो तसा हा ठिपकाही जातो. पृथ्वीही त्याच दिशेने फिरत असल्यामुळे त्याचा जमिनीवरचा वेग थोडा कमी होतो, तरी उष्ण कटिबंधात भर दुपारी तो सेकंदाला सुमारे अर्धा किलोमीटर असतोच. ठिपक्याने आखलेली ही पट्टी जगाच्या नकाशावर एखाद्या रेघेएवढी दिसते. एकाच ठिकाणावरून ती पुन्हा जायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात.

सरासरी ही अशी, पण विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर ती तीस वर्षांच्या आत दोनदा आली. एकदा १८ ऑगस्ट १८६८ रोजी आणि एकदा २२ जानेवारी १८९८ रोजी.  ग्रहण कसं घडतं हे समजावण्यासाठी या दोन तारखांपेक्षा चांगली उदाहरणं मला शोधूनही सापडली नसती. किनारा तोच, पण दोन ग्रहणांची तऱ्हा पूर्ण वेगळी.

१८६८ चं ग्रहण दीर्घ होतं. सर्वांत जास्त काळ ते सयामच्या आखाताच्या बाजूला टिकलं, ६ मिनिटं ४७ सेकंद. १८९८ चं सर्वाधिक २ मिनिटं २१ सेकंदांचं, आणि विजयदुर्गावर तर दोन मिनिटांच्या थोडंच वर. एवढा फरक का पडावा? महिने पाहा. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. ऑगस्टमध्ये सूर्याचं बिंब त्यामुळे थोडं लहान होतं आणि त्याच वेळी चंद्र पृथ्वीजवळ येऊन मोठा दिसत होता. लहान सूर्यावर मोठा चंद्र, म्हणून झाकणं बराच वेळ टिकलं आणि पट्टीही दोनशे किलोमीटरहून रुंद झाली. जानेवारीत उलट झालं. सूर्य जवळ असल्यामुळे मोठा होता, चंद्र त्याला जेमतेम पुरा पडत होता, आणि पट्टी शंभर किलोमीटरच्या आसपास भरली. बिंबांच्या आकारात फरक पडतो तो काही टक्क्यांचाच. पण सावली निमुळती होत टोकाशी आलेली असते, म्हणून तिथे तेवढ्या फरकानेही मिनिटं आणि किलोमीटर दुप्पट-तिप्पट होतात.

१८६८ च्या पट्टीत विजापूर, जमखंडी, गुंटूर आणि मछलीपट्टण येत होतं. युरोपातले आणि इथले निरीक्षक या गावांच्या आसपास तळ टाकून बसले होते. जमखंडीला जॉन हर्शेल होता, गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन. दिवस पावसाळ्याचे होते, हर्शेलला ढगांच्या फटींतून काम उरकावं लागलं. त्यांच्या हातात एक नवं साधन होतं, वर्णपटदर्शक. प्रकाश एका अरुंद फटीतून आणि लोलकातून नेला की त्याचे रंग पसरतात. तापलेल्या विरळ वायूचा प्रकाश असेल तर पूर्ण पट्टा न दिसता ठरावीक जागी चमकत्या रेघा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा त्याच्या त्याच्याच असतात. सूर्य पूर्ण झाकला गेला तेव्हा त्याच्या कडेवर तांबूस ज्वाळांसारखे उंचवटे दिसले. त्यांना सौरज्वाला म्हणतात. त्यांच्यावर साधन रोखताच चमकत्या रेघा उमटल्या. या ज्वाला वायूच्या आहेत, मुख्यतः हायड्रोजनच्या, हे त्या दिवशी पक्कं झालं.

जान्सेनला त्या रेघा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्याच दिवशी त्याने त्या उघड्या सूर्याच्या कडेवर पाहिल्या. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर हाच विचार आधीपासून करत होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाशिवाय, आपल्या देशात बसून त्या रेघा पाहिल्या. दोघांची पत्रं फ्रेंच विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या चेहऱ्यांचं एकच पदक काढलं. त्या रेघांमध्ये एक पिवळी होती. सोडियमच्या प्रसिद्ध पिवळ्या जोडरेघेच्या जवळची, म्हणून ग्रहणात ती पाहणाऱ्या काहींनी ती सोडियमचीच मानली. लॉकयरने मोजून दाखवलं की जागा वेगळी आहे. रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर प्रयोगशाळेत खटपट करूनही कोणत्याही ओळखीच्या द्रव्यातून ती रेघ मिळेना. हे सूर्यावरचं अज्ञात मूलद्रव्य असावं असं त्याने सुचवलं आणि त्याला हेलियम हे नाव पडलं. पुष्कळांना ते पटलं नाही. १८९५ साली विल्यम रॅम्झेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली, तेव्हा सत्तावीस वर्षांनी लॉकयर खरा ठरला.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात ते चौथरे याच लॉकयरच्या नावाशी जोडलेले आहेत. हेलियमचा शोध या ओट्यांवरून १८६८ साली लागला असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं, आणि १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो. किल्ल्यावर विज्ञानासाठी माणसं जमतात ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. म्हणूनच तपशील दुरुस्त करून घ्यायला हवा. १८६८ साली लॉकयर भारतात नव्हता. तो विजयदुर्गाला आला १८९८ च्या जानेवारीत, सर नॉर्मन लॉकयर होऊन, हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर तीन वर्षांनी. आणि त्या भेटीत जे काम झालं ते आपण त्याच्यावर चिकटवलेल्या कथेपेक्षा कमी अभिमानाचं नाही.

जागा निवडण्याची कारणं सरळ होती. सावली आफ्रिकेवरून निघून अरबी समुद्रावरून येणार होती आणि जमिनीला लागणार होती ती आपल्या किनाऱ्यावर. जानेवारीत कोकणातलं आकाश निरभ्र असतं. वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेल्या या किल्ल्याजवळ जहाज आणता येतं. ब्रिटिश आरमाराची ‘मेल्पोमीन’ ही युद्धनौका कॅप्टन चिझम-बॅटनच्या हुकमतीखाली मदतीला आली. तिच्यावरच्या खलाशांना आणि अधिकाऱ्यांना लॉकयरने निरीक्षक म्हणून तयार केलं. कोणी सेकंद पुकारायचे, कोणी सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचं रेखाटन करायचं, कोणी तारे शोधायचे, कोणी छायाचित्राच्या काचा बदलायच्या. ग्रहणाच्या आधी याच्या तालमी होत. दोन मिनिटांत पुन्हा प्रयत्न करायला वाव नसतो, म्हणून हात आपोआप चालावे लागतात.

त्याच्या साधनांपैकी एक मला विशेष सुंदर वाटतं, कारण त्यात ग्रहणच साधनाचा भाग होतं. वर्णपट पाहायला अरुंद फट लागते असं वर म्हटलं. पण सूर्य झाकत झाकत केसाएवढी कोर उरते, तेव्हा ती कोर हीच फट. दुर्बिणीच्या पुढे लोलक बसवला की प्रत्येक रंगाची स्वतंत्र कोर छायाचित्रात उमटते. हायड्रोजनची तांबडी, हेलियमची पिवळी, कॅल्शियमची जांभळी, अशा कोरी एका रांगेत. कोणती कोर लांब आणि कोणती आखूड यावरून ते द्रव्य सूर्याच्या पृष्ठभागापासून किती उंचीपर्यंत पसरलेलं आहे हे काढता येतं. सूर्याच्या त्या पातळ रंगीत थराचा, वर्णावरणाचा, अभ्यास करायला त्या काळी याहून चांगला मार्ग नव्हता.

त्याच दिवशी ती सावली सह्याद्री ओलांडून पुढे गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सज्ज होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्बेलही तिथेच होता. वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी माँडर या विदुषीने सूर्यापासून दूरवर गेलेल्या प्रभामंडलाच्या एका लांबच लांब शलाकेचं छायाचित्र घेतलं. एवढी लांब शलाका त्याआधी कोणाच्या छायाचित्रात आली नव्हती.

त्या दुपारी किल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय काय दिसलं असेल, हे आपल्याला क्रमाने सांगता येतं, कारण खग्रास ग्रहणाचा क्रम बदलत नाही. पंचांगातले शब्दच त्यासाठी पुरेसे आहेत. आधी स्पर्श. चंद्राची कड पश्चिमेकडून सूर्याला लागते. पुढचा तासभर सूर्य खाल्ला जात असतो, तरी उजेडात फारसा फरक जाणवत नाही. आपला डोळा मंदावत्या प्रकाशाशी फार चटकन जुळवून घेतो. फरक दिसतो तो जमिनीवर. आंब्याखाली किंवा कौलाच्या फटीतून पडणारे कवडसे एरवी गोल असतात, आणि भोक वेडंवाकडं असलं तरी ते गोलच असतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. ग्रहणात या सगळ्या प्रतिमा कोरीसारख्या होतात आणि अंगणभर शेकडो चंद्रकोरी पडतात.

शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत गोष्टी वेगाने बदलतात. ऊन पांढुरकं, धारदार होतं, सावल्यांच्या कडा तीक्ष्ण होतात, हवा गार पडते, पक्षी झाडांकडे वळतात. फटफटीत पांढऱ्या जमिनीवर कधीकधी अंधुक पट्टे धावताना दिसतात. उरलेल्या बारीक कोरीचा प्रकाश वातावरणातून येताना थरथरतो, त्याचे ते पट्टे. मग समुद्रावरून, नैर्ऋत्येकडून, सावली येते. सूर्याची शेवटची कड तुटून मण्यांची ओळ होते. चंद्राची कड गुळगुळीत नाही, तिच्यावर डोंगर आणि दऱ्या आहेत, आणि हे मणी म्हणजे दऱ्यांमधून झिरपणारं ऊन. फ्रान्सिस बेलीने १८३६ च्या ग्रहणात त्यांचं वर्णन केलं म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. शेवटी एकच मणी उरतो. तीच हिऱ्याची अंगठी. तो विझला की संमीलन झालं, आणि क्षणभर वर्णावरणाची गुलाबी कड चमकून जाते.

त्यानंतर दिसतं ते एरवी कधीच न दिसणारं. काळ्या चंद्राभोवती मोत्यासारखं पांढरं प्रभामंडल पसरतं. ते नेहमीच तिथे असतं, पण सूर्याच्या पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे दहा लाख पटींनी मंद असल्यामुळे निळ्या आकाशात हरवून जातं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा, आणि त्याच्याही बाहेरचं हे प्रभामंडल दहा लाख अंशांच्या वर. आगीपासून दूर जावं तर ताप कमी व्हावा, इथे तो वाढतो. याचं पूर्ण उत्तर अजूनही शोधलं जात आहे, आणि भारताचं आदित्य एल-१ हे यान त्याच कामावर आहे. क्षितिजावर चहूकडे मात्र संध्याकाळसारखा तांबूस उजेड असतो, कारण तिथे सावलीबाहेरचा दिवस चालू असतो. शुक्र, बुध आणि ठळक तारे दिसतात. मग उन्मीलन, पुन्हा अंगठी, आणि तासाभराने मोक्ष.

यात एक गोष्ट ठसवून सांगायला हवी. पट्टीच्या बाहेर, सूर्य ९९ टक्के झाकला गेला तरी यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. उरलेला एक टक्का सूर्य प्रभामंडलापेक्षा हजारो पटींनी प्रखर असतो. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण कारवार-अंकोल्यावरून आत शिरलं. ती जागा सिंधुदुर्गापासून फार लांब नाही, पण आपला जिल्हा पट्टीच्या उत्तरेला राहिला आणि इथे सूर्य शेवटपर्यंत पूर्ण झाकला गेला नाही. त्यातून त्या दिवशी भीतीने पुष्कळांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. काही तासांचा प्रवास करून जे आयुष्यभर लक्षात राहिलं असतं, ते घराच्या कौलाखाली बसून गेलं.

भीतीची कारणं मी समजू शकतो. भर दिवसा सूर्य जातो, याने कोणीही हादरेल. पण ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ ही आरोळी ज्या समाजात घुमत होती, त्याच समाजात ग्रहण कधी लागेल आणि कधी सुटेल याचं गणित घरबसल्या होत होतं. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या ग्रंथात सूर्यग्रहणात चंद्रच सूर्याला झाकतो हे स्पष्ट सांगितलं होतं. आपल्या कोकणातच, जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्यांना ज्या-कोज्येची कोष्टकं हाताळणं जड होतं, अशांनाही बेरीज-गुणाकारांनी ग्रहणं काढता यावीत अशा रीती त्यांनी बसवल्या. अकरा-अकरा वर्षांची चक्रं मोजून ग्रहांची स्थिती काढण्याची त्यांची पद्धत होती, आणि महाराष्ट्रातली पंचांगं पुढची कित्येक शतकं तिच्यावर चालली. पंचांग हातात असणाऱ्या घरात राहूची भीतीही होती आणि राहूचं गणितही होतं. आपण गणिताचा वारसा धरावा असं मला कळकळीने वाटतं.

गणित शक्य होतं, कारण ग्रहणांना कुटुंबं असतात. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत २९.५३ दिवस. चंद्राला राहूपासून निघून पुन्हा राहूपर्यंत यायला २७.२१ दिवस. पृथ्वीला जवळात जवळ असण्यापासून पुन्हा तिथवर यायला २७.५५ दिवस. या तीन फेऱ्या पहिल्यांदा चांगल्या जुळतात त्या ६,५८५ दिवस आणि सुमारे ८ तासांनी. पहिल्या प्रकारच्या २२३ फेऱ्या, दुसऱ्याच्या २४२ आणि तिसऱ्याच्या २३९. म्हणजे १८ वर्षं, ११ दिवस आणि ८ तासांनी जवळजवळ तसंच ग्रहण पुन्हा होतं. बाबिलोनियातल्या लोकांना हा आवर्तकाळ ठाऊक होता, आज त्याला सॅरोस म्हणतात. वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फेरी फिरून जाते, त्यामुळे पुढचं ग्रहण तेवढं पश्चिमेला सरकतं.

विजयदुर्गावरच्या ग्रहणाचं कुटुंब आपण मोजू शकतो. २२ जानेवारी १८९८ नंतर ३ फेब्रुवारी १९१६, मग १९३४, १९५२, १९७०, १९८८, २९ मार्च २००६ चं लिबिया-तुर्कस्तानवरचं, आणि ८ एप्रिल २०२४ चं. हे शेवटचं मेक्सिकोतून अमेरिकेत शिरलं आणि डॅलसपासून क्लीव्हलँडपर्यंतच्या मराठी माणसांच्या डोक्यावरून गेलं. लॉकयरच्या खलाशांनी ज्या ग्रहणाचे सेकंद पुकारले, त्याचंच ते सातवं पुनरागमन. तारखा दर वेळी दहा ते बारा दिवसांनी पुढे सरकत गेल्या, जानेवारीतून उन्हाळ्याकडे, आणि सूर्याचं बिंब लहान होत गेल्यामुळे खग्रास काळ वाढत गेला. १८९८ ला २ मिनिटं २१ सेकंद, २०२४ ला ४ मिनिटं २८ सेकंद. याच कुटुंबात १६ जुलै २१८६ चं ग्रहण येईल आणि ते ७ मिनिटं २९ सेकंदांचं असेल. हजारो वर्षांच्या गणितात त्याहून दीर्घ खग्रास ग्रहण नाही.

आपल्या वाट्याला जवळच्या काळात काय आहे? २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास ग्रहण दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि मक्केवरून जाईल. पश्चिम भारतात ते दुपारनंतर थोडं खंडग्रास असेल, पण ऑगस्टमधल्या कोकणात ढगांचा भरवसा नाही. २१ मे २०३१ चं कंकणाकृती केरळ आणि तमिळनाडूतून जाईल, इथे खंडग्रास. खग्रास पाहायचंच असेल तर २० मार्च २०३४ ला जम्मू-काश्मीर-लडाखच्या उत्तर भागात जावं लागेल. मागचं एक उदाहरण द्यायचं तर २५ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीत, सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला होता. अशा ग्रस्तास्तासाठी पश्चिमेकडे मोकळं क्षितिज लागतं, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयातल्या, ओरोसच्या टेकड्यांमधून ते मिळणं कठीण. मालवण, देवगड किंवा विजयदुर्ग गाठणं बरं.

पाहायचं कसं, तेही सांगतो. खग्रासाची ती काही मिनिटं सोडली तर सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही. मावळतीचा सूर्यही त्याला अपवाद नाही. एक्स-रेची फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच, ताटातल्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही सुरक्षित नाही. नेत्रपटलाला वेदना कळत नाहीत, म्हणून इजा होताना समजत नाही आणि झालेली इजा भरून येईलच असं नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचे ग्रहणचष्मे चालतात, तेही ओरखडा नसलेले, किंवा वेल्डिंगची १४ क्रमांकाची काच. दुर्बिणीतून पाहायचं तर गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवलेली असावी लागते. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी पुठ्ठ्याला टाचणीएवढं भोक पाडावं, सूर्याकडे पाठ करून उभं राहावं आणि त्यातून पडणारा कवडसा दोन-तीन फुटांवर धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाहावा. लहान मुलांसाठी तीच रीत सर्वांत चांगली, कारण एका कागदाभोवती सगळा वर्ग जमू शकतो.